चीफ, सोलकढी आणि बाजूची सीट

वेंगुर्ल्यात पाच वर्षं मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो, ते आमचे घरमालक आपल्या गाडीला उत्तरं देत. गाडीशी बोलणारी माणसं पुष्कळ असतात. माझे वडीलसुद्धा कराडच्या चढावर स्कूटरला "चल बाई, चल" म्हणायचे. पण तिथं माणूस बोलतो आणि गाडी ऐकते. आमच्याकडे सगळा उलटा कारभार. गाडी बोलायची आणि घरमालक उत्तर द्यायचे. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टिणटिणली की हे म्हणणार, "आयकलंय." मागं कुंपण जवळ आलं म्हणून पिपाणी वाजली की, "आयकलंय." समोर म्हैस आडवी आली आणि काचेवर लाल दिवा पेटला की मात्र त्यांचा आवाज चढायचा, "माका कित्याक सांगतंस? आयकलंय! म्हशीक सांग!"

पस्तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर काढली होती, शेवटची बरीच चीफ इंजिनिअर म्हणून. अख्खी आळी त्यांना चीफच म्हणायची. बोटीच्या पोटात, मशिनांच्या खोलीत, घंटा वाजली की कुणीतरी जाऊन ती ऐकल्याची पोच द्यावी लागते म्हणे. ती सवय त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, जे त्यांनी मला भाडेकरारावर सही करण्याच्या आधी ऐकवलं होतं: "आलार्म बंद करूचो नसता रे. तेका उत्तर देवचा असता. बंद केलंस तर बोट बुडता. उत्तर दिलंस तरी बुडता कधीकधी, पण निदान कशान बुडता ता कळता."

गाडी होती लालभडक, दोन सीटांची, गोव्यातल्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की आवारातल्या कोंबड्या एका उडीत तिच्या टपावर जाऊन बसायच्या. आमची आळी म्हणजे दोन चिऱ्याच्या गडग्यांमधली, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींमधली, अरुंद वाट, आणि त्या वाटेवर प्रत्येक घरानं आपापल्या पोरांच्या काळजीनं घालून घेतलेला एकेक गतिरोधक. गाडीला नाक वर उचलायचं एक बटण होतं. चीफ प्रत्येक गतिरोधकापाशी थांबत, बटण दाबत, गाडी अदबीनं नाक उचले, ओलांडे, पुन्हा नाक खाली करी. बाजारात पायी जाणारी माणसं आमच्या पुढं निघून जायची, आणि जाताना "काय चीफ, रेस खंय आसा?" असं विचारायची.

गाडी आली त्या दिवशी रवळनाथाच्या देवळासमोर तिची पूजा झाली. गावातले मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. देवाला सगळं नीट समजावून सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, अशी इथली रीत. चीफनी त्यांना आदल्या दिवशीच कागदावर गाडीचे पाचही मोड, म्हणजे तिच्या चालण्याच्या पाच तऱ्हा, लिहून दिले होते. त्यामुळे गाऱ्हाणं असं झालं:

"बा देवा रवळनाथा, आज ह्या तुज्या लेकरान गाडी हाडल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती कम्फर्टात आसो, स्पोर्टात आसो, पावसातल्या मोडात आसो, खंयच्याय मोडात आसो, तिची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येच्या मनात जा काय आसा ता पुरा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. मनात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांच्या मते म्हाताऱ्याला चळ लागला होता, आणि चळासाठी गाऱ्हाणं घालण्याची ही पहिलीच वेळ होती.

मनात काय होतं ते मला काकींमुळे कळलं. काकी म्हणजे चीफच्या पत्नी. ठेंगण्या, तुरतुरीत, जिभेला धार. त्यांना गाडी लागायची. गाडी लागते म्हणजे कशी? तर एसटी नुसती समोरून गेली तरी त्या पदर नाकाला लावत. बांद्याला त्यांचं माहेर. तिथं त्यांची थोरली बहीण, बाय, सून-मुलासोबत राहायची. वेंगुर्ल्याहून बांदा ते केवढं? सकाळी निघालं तर जेवायला परत. पण शेवटच्या खेपेला काकींना एसटीत सात वेळा उलटी झाली होती, दोन वेळा कंडक्टरच्या अंगावर, आणि त्यानंतर अकरा वर्षं त्या बांद्याला गेल्या नव्हत्या. भाचीचं लग्न त्यांनी मोबाईलवर पाहिलं. मग एका दिवाळीत बाय पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि तिचंही फिरणं संपलं.

दर रविवारी दोघी बहिणी व्हिडिओवर बोलायच्या. मी माडीवर असलो तरी ऐकू यायचं, कारण बाय फोनवर भरवसा न ठेवता थेट बांद्याहून ओरडायची.

"गो, कदी येतंस?"

"येतलंय गो बाय."

"तू येतलंस तेवा मी भितीर फोटोत आसतलंय. येताना हार घेवन ये."

दोघी खो खो हसायच्या. फोन ठेवला की काकी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या, आणि चीफ गुपचूप उठून गाडीत जाऊन बसायचे आणि बटणं फिरवायचे. चार वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. काकी न ओकता बांद्याला पोचतील असा मोड शोधणं, एवढाच त्या गाडीचा उद्देश होता.

"पण चीफ, त्यासाठी स्पोर्ट्स कार?" मी विचारलं होतं.

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू घाटावरलो, तुका काय कळतला. बोट जितकी खाली बसता तितकी कमी डोलता. मोठी गाडी डोलता, म्हणान माणूस ओकता. ही गाडी जमनीक चिकाटलेली. आणि हिच्यात मागची सीटच नाय. आणि सगळा बदलूक येता: चाक जड-हलक्या, स्प्रिंगा मऊ-कडक, इंजिनाचो आवाज. अशी दुसरी गाडी आसा? दाखव."

तर्क बिनतोड होता. काकी त्या गाडीला चप्पल म्हणायच्या. "चीफ खंय गेले?" असं कुणी विचारलं की सांगायच्या, "चप्पल घालून बाजारात गेलेत."

प्रयोगासाठी माणूस लागतो. तो मी. मी बँकेत नोकरीला होतो; संध्याकाळी घरी आलो की चीफ फाटकातच उभे असायचे. मला बाजूच्या सीटवर बसवायचं, मांडीवर चुंबळ ठेवायची, कोळणी डोक्यावर टोपलीखाली ठेवतात तसली, आणि चुंबळीवर काठोकाठ भरलेली सोलकढीची वाटी. मग बंदरापर्यंत एक फेरी. किती सांडली त्यावर मोडची परीक्षा. सोलकढीच का, पाणी का नाही, यालाही उत्तर होतं: "पाण्याचो डाग दिसणा नाय." डाग दिसायचे. बँकेतल्या माझ्या सगळ्या शर्टांवर गुलाबी शिंतोडे होते, आणि आमचे मॅनेजर दर सोमवारी मला रंगपंचमीच्या शुभेच्छा द्यायचे.

फेरी झाली की चीफ नोंदवही उघडत. बोटीवरच्या वहीसारखीच, वारा कुठला होता तेही लिहिलेलं. त्यात माझं नाव कुठंही नाही. "कम्फर्ट. चाक हलके. बंदर रस्ता. वारा पश्चिम. घाटी ठीक. वाटी अर्धी." "स्वतःचा मोड, स्प्रिंग मऊ, इंजिन मंद. घाटी कुरकुरतो. वाटी पाऊण." स्वतःचा मोड म्हणजे ज्यात प्रत्येक गोष्ट वेगळी निवडता येते तो. त्यात त्यांचे दिवसच्या दिवस जायचे. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त झालं तरी काही न बोलणारा हा माणूस स्टिअरिंग एक घर जड झालं तर सकाळपर्यंत तळमळायचा.

मदतीला धावणारी जी यंत्रं गाडीत होती त्यांच्याशी त्यांचं वागणं हाताखालच्या माणसांशी वागावं तसं होतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखून गाडी सरळ ठेवणारं एक यंत्र होतं. आमच्या बाजूला पट्टे कुठले असायला? ते बिचारं चार महिने बिनकामाचं बसून होतं. मग कबड्डीच्या सामन्यांसाठी मैदानाकडे जायच्या वाटेवर कुणीतरी फक्कीच्या दोन सुरेख रेषा ओढल्या, आणि गाडीनं आनंदानं चाक वळवलं. आम्ही थेट मैदानाच्या तोंडाशी. पंचांनी शिट्टी फुंकली. "आयकलंय," चीफ म्हणाले.

चालक दमला असं वाटलं की गाडी काचेखाली कपाचं चित्र दाखवायची. दुसरे लोक ते पुसून पुढं जातात. चीफ तिथल्या तिथं गाडी बाजूला घेऊन चहाची टपरी शोधत. "वरून हुकूम इलो तर मानूक व्हयो," म्हणत आणि मलाही पाजत. एकदा एका संध्याकाळी गाडीनं तीनदा कप दाखवला. घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात नुसता चहा डुचमळत होता, आणि मांडीवरची वाटी मात्र जवळपास भरलेली. चीफनी वाटी पाहिली, गाडीतून उतरले आणि अंगणात उभे राहून ओरडले, "गो! गावलो मोड!"

दुसऱ्या दिवशी काकी गाडीत बसल्या. नवं लुगडं, हातात लिंबू, चेहरा फाशीला निघाल्यासारखा. चीफ इतके हळू निघाले की मी शेजारून चालत होतो. आळी जिथं मोठ्या रस्त्याला मिळते त्या तिठ्यापर्यंत पोचलो. तिठ्यावर काकींनी दार उघडलं आणि पुढं जे व्हायचं ते झालं. त्या चालत घरी आल्या. चीफनी वहीत त्या दिवशी फक्त "तिठा" एवढंच लिहिलं. दोन दिवस गाडी हलली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, आणि फोनवर बाय म्हणाली, "आता तू येव नको गो. मीच फोटो धाडतंय." त्या वेळी दोघींपैकी कुणी हसलं नाही. मला माडीवर बसून रडू येत होतं, खरं सांगतो.

चीफ मग वाटेल ते करायला लागले. रस्ताच नको, वाळूइतकं मऊ काही नाही, असं म्हणून एका सकाळी त्यांनी गाडी उभादांड्याच्या किनाऱ्यावर घातली. चाकं गरगर फिरू नयेत म्हणून जे यंत्र असतं ते बंद केलं, मोड स्पोर्ट ठेवला, कारण वाळूत जोर लागतो. मांडीवर वाटी घेऊन मी होतोच. पन्नास पावलांवर गाडी पोटापर्यंत रुतली. वाटी पूर्ण माझ्या अंगावर.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून दोरानं ओढायचं मोठं जाळं, नुकती ओढून झाली होती. वीसपंचवीस माणसं जाळ्यातली मासळी वाटून घेत होती, आणि काकी ताज्या बांगड्यांसाठी पिशवी घेऊन आल्या होत्या. रापणकरांनी गाडी पाहिली आणि त्यांना झालेला आनंद काय सांगू. त्यांनी जाळ्याचा लांबलचक दोर आणून गाडीच्या पुढच्या कडीला बांधला. इतक्या वर्षांत एवढा मोठा मासा लागला नव्हता, असं एक जण म्हणाला. पण चाक धरायला कुणीतरी आत हवं होतं. चीफना मागं उभं राहून चाक कसं सुटतं ते पाहायचं होतं. मला गाडी येत नाही. मोकळ्या होत्या त्या एकट्या काकी.

"गो, तू बस. नुसता चाक धर. मी सांगलंय की पाय वायच दाब."

"माका ओकारी येतली."

"रुतलेल्या गाडयेत कोणाक ओकारी येता? बस!"

काकी बसल्या. बांगड्यांची पिशवी शेजारच्या सीटवर. रापणकरांनी हेऽऽ करून दोर ओढला, चीफ मागून ओरडले, "दाब!" आणि काकींनी दाबलं. वायच नाही, पार तळापर्यंत. गाडी वाळूतून उसळली, दोर ढिला पडला, माणसं दोन्ही बाजूंना फाकली, आणि ती लाल चप्पल ओहोटीच्या टणक ओल्या वाळूवर सुसाट निघाली. आतून सगळ्या घंटा एकदम वाजत होत्या. उघड्या काचेतून काकींचा आवाज येत होता, "आयकलंय! आयकलंय गो बाये, आयकलंय!"

त्यांनी एक मोठं वळण घेतलं. आम्हाला वाटलं थांबतील. त्यांनी दुसरं घेतलं. चीफ हात पसरून मध्ये उभे राहिले तेव्हा कुठं गाडी थांबली. आम्ही धावत गेलो. काकींचा अंबाडा सुटला होता, चेहरा फुललेला, कपाळावर घाम, आणि पोट शांत. त्या म्हणाल्या, "ह्या बरां आसा. पोटात कायच ढवळणा नाय. आजून एक मारू?"

चीफ वाळूत मटकन खाली बसले. मोड स्पोर्ट, स्प्रिंगा कडक, चाक जड. चार वर्षांच्या वहीतलं सगळ्यात वाईट मिश्रण. मग म्हणाले, "मी अख्खो जलम बोटीच्या पोटात काढलंय. चाक धरणारो वर असता, तेका बोट लागणा नाय, ह्या माका ठावक होता रे. आणि चार वरसां मी चुकीच्या सीटीर प्रयोग केलंय."

त्रेसष्टाव्या वर्षी काकींनी गाडी शिकायला सुरुवात केली. शिकवणारा मुलगा त्यांना "आजी, ब्रेक" म्हणायचा आणि त्या "मेल्या, माका दिसता" म्हणायच्या. परवान्याच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेला पास झाल्या. बांद्याला निघायच्या आदल्या दिवशी चीफनी त्यांना गाडीत बसवून एकेक यंत्र समजावून दिलं, आणि काकींनी मासळी निवडावी तसं निवडलं. पट्ट्यात धरून ठेवणारं यंत्र? "माज्या हातातला चाक ओढणारो तो कोण? काढ." समोर काही आलं की बोंब मारणारं? "बोंब मारता तो बरो. रवांदे." आपोआप ब्रेक लावणारं? "रवांदे. पण तेका सांग, आधी माका विचार." मागचं दाखवणारा कॅमेरा त्यांना फारच आवडला, त्यात कोंबड्या दिसत होत्या. मोड मात्र कम्फर्टच ठेव, अशी चीफनी हात जोडून विनंती केली. काकी म्हणाल्या, "बघूया."

दोघांच्या गाडीत सामानाला जागा नाही. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही. म्हणून फणस, आमसुलं आणि काजूगराची पिशवी माझ्या स्कूटरवर बांधली गेली, आणि मी मागून निघालो. तुळस गावापर्यंत लाल गाडी मला दिसत होती. पुढच्या वळणांवर तिचा आवाज एकाएकी खर्जात गेला. स्पोर्ट. मग गाडी दिसेनाशी झाली.

ती मला थेट बांद्याच्या अलीकडे दिसली, हायवेच्या कडेला उभी. सिंगापूरपासून ब्राझीलपर्यंतचे समुद्र पचवलेले चीफ गवतात वाकले होते आणि काकी एका हातानं त्यांचं कपाळ धरून दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली पुढं करत होत्या.

"आता समाजला माका काय होय होता ता?" काकी विचारत होत्या. पण पाठ अशी चोळत होत्या की बोलण्यातली धार कुठल्या कुठं गेली होती.

चीफनी मला पाहून मान वर केली. "लिव," ते क्षीण आवाजात म्हणाले. "स्पोर्ट. चालक ठीक. बाजूची सीट बाद."

बाय पडवीत खुर्चीवर बसून होती. सकाळपासून बसली होती म्हणे. गाडी फाटकात थांबली तेव्हा तिची नजर डाव्या दारावर होती. तिथून उतरले ते पिवळेधमक चीफ. बायचं तोंड पडलं. तिला वाटलं बहीण आलीच नाही. मग उजवं दार उघडलं.

"गाडी कोणी हाडल्यान?" बायनं विचारलं.

"मी हाडलंय."

बायनं काठी उचलून काकींच्या दंडावर एक ठेवून दिली. "अकरा वरसां!" ती ओरडली. "अकरा वरसां लागली तुका!" आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की शेजारची माणसं काय झालं बघायला धावत आली.

चहा उकळायच्या आत बाय म्हणाली, "माका बसव."

सून नको नको म्हणत राहिली. शेजारच्यांनी बायला होडीत उतरवावं तसं हळूच त्या खोल सीटवर उतरवलं. चीफनी स्वतः वाकून तिचा पट्टा लावला. एक फेरी बाजारापर्यंत, असं ठरलं. गाडी गेली, आली आणि न थांबता पुन्हा गेली. दुसऱ्या फेरीला बाय काचेतून हात बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होती. तिसऱ्या फेरीला गाडी फाटकापाशी जरा हळू झाली.

"भावजीनू," बाय आतून ओरडली, "जेवान झाकून ठेवा! माज्या भयणीचा घर बघून माका कितकी वरसां झाली. आमी वेंगुर्ल्याक जावन येतो!"

आणि गेल्या. सुनेनं कपाळाला हात लावला. मी फणस उतरवत होतो तो तसाच धरून उभा राहिलो. चीफ रस्त्याच्या मधोमध जाऊन आवाज ऐकत राहिले, मग त्यांनी एकदम खिसा चाचपला.

"घराची चावी माज्याकडे आसा रे!"

फणस पडवीत ठेवून मी स्कूटर वळवली आणि चीफ मागं बसले. सावंतवाडीपर्यंत ते माझ्या पाठीमागे मोठमोठ्यानं हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते.